एकाच लॅपटॉपवर पायथनची अनेक व्हर्जन्स कशी नांदवायची: सांगलीतल्या रोजच्या कामातून सविस्तर माहिती

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात अजून विंडोज ७ चा कॉम्प्युटर आहे. मशीन धडधाकट आहे, पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पावत्या) छापणारा प्रिंटर त्यालाच जोडलेला आहे आणि ऐन हंगामात ते बदलायला मालक तयार नाहीत. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण विंडोज ७ वर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं ३.८ हे शेवटचं चालणारं व्हर्जन. ३.९ पासून पुढचं तिथं चालत नाही. म्हणजे त्या दुकानाच्या पायथनमधल्या प्रोग्रॅममध्ये काही दुरुस्ती करायची, तर माझ्या लॅपटॉपवर ३.८ हवं. त्याच लॅपटॉपवर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं नवं काम ३.१२ वर सुरू असतं. संध्याकाळी विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट घेऊन येतात, त्यांतल्या काहींना नेमकं ३.१० लागतं.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, नवीन टाकायचं तर जुनं काढायला लागंल का?" अजिबात नाही. पायथनची पाच-सहा व्हर्जन्स एका मशीनवर सुखानं नांदतात. फक्त एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी. व्हर्जन हे कॉम्प्युटरचं नसतं, कामाचं असतं. प्रत्येक प्रोजेक्टनं आपलं व्हर्जन आपल्या फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं. "माझ्या मशीनवर कुठलं पायथन आहे?" असं विचारणं सोडून "या प्रोजेक्टला कुठलं लागतं?" असं विचारायला लागलात की निम्मी अडचण तिथंच सुटते.

एक सूचना आधीच देतो. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या आणि आकडेही इंग्रजीच. पॉवरशेलच्या काही कमांड सोडल्या तर सगळं लहान लिपीत. जिथं स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा आहे, तिथं एकेक अक्षर सांगितलं आहे.

व्हर्जन बदललं की काम का अडतं

पायथनचं नवं व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येतं आणि साधारण पाच वर्षं सांभाळलं जातं. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, ३.९ ची ऑक्टोबर २०२५ मध्ये. पायथन २ तर १ जानेवारी २०२० लाच निवृत्त झालं. नव्या व्हर्जनमध्ये गोष्टी वाढतात तशा काही काढूनही टाकल्या जातात. ३.१० मध्ये 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधली 'मॅपिंग'सारखी जुनी नावं गेली, ३.१२ मध्ये 'डिस्टयूटिल्स' गेलं, ३.१३ मध्ये 'सीजीआय' आणि 'टेलनेटलिब'सारखी बरीच जुनी मॉड्यूल्स गेली. तुमच्या कोडमध्ये यातलं काही नसेल, पण तुम्ही वापरत असलेल्या जुन्या लायब्ररीत (दुसऱ्यांनी लिहिलेल्या आयत्या कोडमध्ये) हमखास असतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नमपाय, पांडाज, टेन्सरफ्लो या लायब्ररींचा मोठा भाग सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला (मशीनला थेट चालेल अशा रूपात बदललेला) असतो आणि तो बहुधा ठरावीक व्हर्जनसाठीच तयार केलेला असतो. पिप (लायब्ररी टाकून देणारं पायथनचं साधन) जी फाइल उतरवतं तिच्या नावाकडं बघा. त्यात 'सीपी३१०' किंवा 'सीपी३१२' असं काहीतरी दिसेल. 'सीपी३१०' म्हणजे ही फाइल पायथन ३.१० साठी आहे. तुमच्या व्हर्जनची तयार फाइल नसेल, तर पिप एकतर "जुळणारं काही सापडलं नाही" असं सांगून थांबतं, नाहीतर मूळ सोर्स उतरवून तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला बघतं. विंडोजवर मग "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा पुढचं हवं" हा लाल मजकूर येतो. मुलं तो वाचून मोठाले बिल्ड टूल्स उतरवत बसतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते, लायब्ररीला चालणारं पायथन घेतलं की काम भागतं.

मुलांना ३.१० का लागतं, तेही यातच आलं. विंडोजवर थेट जीपीयू (ग्राफिक्सची चिप) वापरू शकणारं शेवटचं टेन्सरफ्लो म्हणजे २.१०, आणि ते पायथन ३.७ ते ३.१० वरच चालतं. विंडोज लॅपटॉपमधला जीपीयू टेन्सरफ्लोसाठी थेट वापरायचा असेल तर ३.१० च्या पुढं जाता येत नाही.

पहिली पायरी: मशीनवर काय काय आहे ते बघा

काही टाकायच्या किंवा काढायच्या आधी यादी करा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये:

पायथन३ --व्हर्जन
विच -ए पायथन३

दुसऱ्या कमांडमधलं '-ए' महत्त्वाचं. ते दिलं नाही तर पहिला सापडलेला पत्ता दिसतो, दिलं तर सगळे. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

व्हेअर पायथन
पाय --लिस्ट

इथं 'पाय' म्हणजे पी-वाय ही दोनच अक्षरं. विंडोजवर पायथनसोबत येणारा हा लाँचर आहे आणि पुढं तो फार उपयोगी पडणार आहे.

हे पत्ते येतात कुठून? आपण 'पायथन' असं टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटर 'पाथ' नावाच्या यादीतली फोल्डर्स एकामागोमाग एक बघत जातो आणि जिथं पहिल्यांदा त्या नावाची फाइल मिळेल तीच चालवतो. यादीत पुढं असेल त्याचा मान पहिला. व्हर्जन सांभाळणारी बहुतेक साधनं या यादीच्या क्रमावरच काम करतात, त्यामुळं गोंधळ झाला की पहिल्यांदा हा क्रम तपासायचा.

विंडोजवर 'पायथन' टाइप केल्यावर कधीकधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधा आणि तिथली पायथनची दोन बटणं बंद करा.

लिनक्सवाल्यांनी सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नाही

उबुंटूचं स्वतःचं पायथन असतं: २०.०४ मध्ये ३.८, २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२. ते तुमच्यासाठी नसतं, ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या कामासाठी असतं. सॉफ्टवेअर टाकण्याची आणि अपडेटची काही साधनं त्याच्यावर चालतात.

यूट्यूबवर 'उबुंटूमध्ये पायथन अपग्रेड करा' अशा व्हिडिओंमध्ये 'अपडेट-अल्टरनेटिव्हज' वापरून 'पायथन३' हे नाव नव्या व्हर्जनकडं वळवायला सांगतात. तसं केलं की दोन-चार दिवस सगळं ठीक वाटतं. मग एखादं नवं पीपीए (सॉफ्टवेअर मिळवायचा बाहेरचा स्रोत) जोडायला जाता आणि एरर येते: 'एपीटी अंडरस्कोअर पीकेजी नावाचं मॉड्यूल सापडत नाही'. ते मॉड्यूल डिस्कवरच असतं. पण ते सी मध्ये कंपाइल केलेलं आहे आणि २२.०४ वर त्याच्या फाइलच्या नावातच 'सीपायथन-३१०' असं कोरलेलं आहे. ३.१२ त्या फाइलकडं बघतसुद्धा नाही. काही मशीनवर टर्मिनलची खिडकीसुद्धा उघडेनाशी होते. तसं झालं तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून साध्या काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा, त्याच 'अपडेट-अल्टरनेटिव्हज'नं 'पायथन३' पुन्हा मूळ व्हर्जनकडं वळवा. फॉरमॅट मारायची गरज नाही.

नव्या उबुंटूवर आणि डेबियन १२ वर सरळ पिपनं काही टाकायला गेलात तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. ही तुमच्या भल्यासाठी घातलेली आडकाठी आहे. एररच्या खालीच ती ओलांडायचा पर्यायही छापलेला असतो, '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस'. तो वापरू नका. प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट (त्याच्या लायब्ररी वेगळ्या ठेवणारं फोल्डर) करा, ते कसं हे खाली सांगतो.

विंडोजवर: नेमका इन्स्टॉलर आणि 'पाय' लाँचर

विंडोजवर वेगवेगळी व्हर्जन्स शेजारी शेजारी टाकता येतात, प्रत्येकाचं फोल्डर वेगळं असतं. 'इन्स्टॉल नाऊ' केलं की ते तुमच्या युजरच्या फोल्डरमध्ये जातं, त्यामुळं कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड नसला तरी सहसा चालतं.

इथं एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते आणि त्यात तास वाया जातात. पायथनच्या साइटवर प्रत्येक व्हर्जनसाठी शेवटपर्यंत विंडोजचा इन्स्टॉलर देत नाहीत. व्हर्जन जुनं झालं की त्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात आणि तेव्हापासून फक्त सोर्स कोड मिळतो. म्हणून ३.१०.१४ चं पान उघडलं तर तिथं विंडोजची फाइलच नसते. मग कुठल्यातरी भलत्या साइटवरून ती उतरवण्याचा मोह होतो, तो टाळा. ज्यांना अधिकृत इन्स्टॉलर आहे ती शेवटची व्हर्जन्स अशी: ३.८ साठी ३.८.१०, ३.९ साठी ३.९.१३, ३.१० साठी ३.१०.११, ३.११ साठी ३.११.९ आणि ३.१२ साठी ३.१२.१०. वहीत लिहून ठेवा.

इन्स्टॉलरच्या पहिल्या स्क्रीनवर खाली 'ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ' असा चौकोन असतो. एकच व्हर्जन टाकायचं असेल तर त्यावर टिक करावी. अनेक टाकायची असतील तर जे रोज लागतं त्यालाच टिक करा, बाकीच्यांना नको. बाकीच्यांसाठी लाँचर आहेच:

पाय -३.८ हिशोब.पीवाय
पाय -३.१२ हिशोब.पीवाय

एकच फाइल, दोन व्हर्जन्स. 'पाथ'मध्ये काहीही फेरफार करावा लागत नाही.

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं एन्व्हायर्नमेंट

व्हर्जन टाकणं हे अर्धंच काम. लायब्ररीही वेगळ्या राहायला हव्यात, नाहीतर एका प्रोजेक्टसाठी नमपाय बदललं की दुसरा बंद पडतो. त्यासाठी 'व्हेन्व्ह', स्पेलिंग व्ही-ई-एन-व्ही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पाय -३.१० -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह

लिनक्सवर 'पाय -३.१०' च्या जागी 'पायथन३.१०'. ज्या पायथननं एन्व्हायर्नमेंट बनवलं, त्याच व्हर्जनचं ते राहतं. नंतर बदलत नाही. बदलायचं असेल तर फोल्डर डिलीट करून नवं करायचं. त्यात हळहळण्यासारखं काही नाही, कारण एन्व्हायर्नमेंट हे केव्हाही पुन्हा करता यावं असंच असायला हवं.

त्या '.व्हेन्व्ह' फोल्डरमध्ये 'पायव्हेन्व्ह.सीएफजी' नावाची छोटी टेक्स्ट फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून एकदा बघाच. 'होम' या ओळीपुढं मूळ पायथनचा पत्ता असतो, 'व्हर्जन' पुढं ३.१०.११ असा आकडा. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, एन्व्हायर्नमेंटमध्ये पूर्ण पायथन नसतं, ते मूळ पायथनच्या आधारानं उभं असतं. मूळ अनइन्स्टॉल केलं की हे मेलं. दोन, आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, म्हणून '.व्हेन्व्ह' पेनड्राइव्हवर टाकून मित्राच्या मशीनवर नेला तर चालत नाही. प्रोजेक्ट सबमिट करताना मुलं शेकडो एमबीचं हे फोल्डर झिपमध्ये घालतात, त्याचा उपयोग शून्य. न्यायची असते ती यादी:

पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

समोरचा माणूस त्याच व्हर्जनवर नवं एन्व्हायर्नमेंट करून त्या यादीवरून लायब्ररी टाकून घेतो. व्हर्जन कुठलं, तेही त्याला लिहून द्या.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एन्व्हायर्नमेंट चालू करताना, म्हणजे '.व्हेन्व्ह'मधली 'ॲक्टिव्हेट' स्क्रिप्ट चालवताना, 'या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे' अशी एरर येते. उपाय एकदाच करायचा:

सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयुजर रिमोटसाइन्ड

किंवा पॉवरशेल सोडून साधं कमांड प्रॉम्प्ट वापरा, तिथं ही अट नाही.

अजून एक सवय लावून घ्या. नुसतं 'पिप इन्स्टॉल' न म्हणता 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' म्हणा. नुसतं 'पिप' कुठल्या पायथनचं आहे याची खात्री नसते. 'इन्स्टॉल झालं म्हणतंय, पण इम्पोर्ट होत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

लिनक्स आणि मॅकवर पायएन्व्ह

पी-वाय-ई-एन-व्ही अशी सलग पाच अक्षरं. हे साधन तुमच्या होम फोल्डरमध्ये हवी तेवढी व्हर्जन्स ठेवतं आणि सिस्टिमच्या पायथनला हात लावत नाही. ते प्रत्येक व्हर्जन सोर्समधून कंपाइल करतं, म्हणून आधी उबुंटूवर ही पॅकेजेस 'एपीटी'नं टाकून घ्या: बिल्ड-इसेन्शियल, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह आणि टीके-डेव्ह.

या यादीत आळस केला तर काय होतं ते सांगतो. एसएसएल नसेल तर बिल्डच थांबतं, म्हणजे निदान कळतं तरी. पण एसक्यूलाइट नसेल तर नुसती एक वॉर्निंग येते आणि इन्स्टॉल पूर्ण होतं. शेकडो ओळींत ती वॉर्निंग नजरेतून सुटते. मग आठवड्यानं तुम्ही 'इम्पोर्ट एसक्यूलाइट३' लिहिता आणि एरर येते. हे पिपनं दुरुस्त होत नाही. राहिलेलं पॅकेज टाकून ते व्हर्जन पुन्हा कंपाइल करावं लागतं. म्हणून इन्स्टॉल संपल्यावर शेवटच्या ओळी नीट वाचा आणि लगेच एकदा 'एसएसएल', 'एसक्यूलाइट३', 'सीटाइप्स' इम्पोर्ट करून बघा.

पायएन्व्ह टाकल्यावर 'पायएन्व्ह इनिट' एवढंच चालवा. तुमच्या शेलच्या फाइलमध्ये कुठल्या ओळी घालायच्या ते तेच छापून दाखवतं. त्या घालून टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. मग:

पायएन्व्ह इन्स्टॉल ३.८
पायएन्व्ह इन्स्टॉल ३.१२

लॅपटॉप जुना असेल तर यात बराच वेळ जातो. लाइट जायची शक्यता असेल तर चार्जिंग बघून सुरू करा.

आता प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये:

पायएन्व्ह लोकल ३.८

यानं '.पायथन-व्हर्जन' नावाची एका ओळीची फाइल तयार होते. व्हर्जन कामाचं असतं म्हणालो, ते कामाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवायची जागा ही. पायएन्व्ह 'पाथ'च्या सुरुवातीला स्वतःचं एक फोल्डर बसवतं. तुम्ही 'पायथन' म्हटलं की आधी ते पकडतं, मग बघतं: 'पायएन्व्ह शेल'नं या टर्मिनलपुरतं काही ठरवलंय का, नसेल तर या फोल्डरमध्ये '.पायथन-व्हर्जन' आहे का, नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये, आणि कुठंच नसेल तर 'पायएन्व्ह ग्लोबल'नं ठरवलेलं. वरच्या फोल्डरमध्ये शोधण्याचा हा भाग लक्षात ठेवा. होम फोल्डरमध्ये चुकून अशी फाइल राहिली तर खालच्या सगळ्या प्रोजेक्टना तेच व्हर्जन लागू होतं आणि कारण सापडत नाही. 'पायएन्व्ह व्हर्जन' चालवलं की व्हर्जन कुठल्या फाइलमुळं निवडलं गेलं, तिचा पत्ताही दिसतो.

नव्यानं सुरुवात करत असाल तर यूव्ही

आज कुणी मला विचारलं तर मी सरळ यूव्ही सांगतो. इंग्रजीत यू आणि व्ही ही दोनच अक्षरं. ॲस्ट्रल कंपनीनं हे २०२४ मध्ये आणलं, रस्ट भाषेत लिहिलेलं आहे. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर सारखंच चालतं, म्हणजे मुलांच्या गटात चौघांकडं चार तऱ्हेचे लॅपटॉप असले तरी सूचना एकच. दुसरं, ते पायथन कंपाइल करत बसत नाही, आधीच तयार केलेलं उतरवतं. वरची ती पॅकेजेसची लांबलचक यादीच लागत नाही.

यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.८ ३.१० ३.१२
यूव्ही पायथन लिस्ट

जुन्या प्रोजेक्टमध्ये, जिथं रिक्वायरमेंट्सची फाइल आधीच आहे:

यूव्ही पायथन पिन ३.१०
यूव्ही व्हेन्व्ह
यूव्ही पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

'पिन'नं तीच '.पायथन-व्हर्जन' फाइल तयार होते. पायएन्व्ह आणि यूव्ही दोघंही ती वाचतात. नव्या प्रोजेक्टसाठी 'यूव्ही इनिट', मग लायब्ररीसाठी 'यूव्ही ॲड पांडाज', आणि चालवायला 'यूव्ही रन मेन.पीवाय'. एन्व्हायर्नमेंट चालू-बंद करण्याची भानगडच नाही. लायब्ररींची नेमकी व्हर्जन्स 'यूव्ही.लॉक' या फाइलमध्ये लिहिली जातात. दुसऱ्यानं प्रोजेक्ट घेऊन 'यूव्ही सिंक' केलं की त्याच्याकडं हुबेहूब तेच तयार होतं.

यूव्ही एकदा उतरवलेली लायब्ररी साठवून ठेवतं आणि पुढच्या प्रोजेक्टला तिथूनच जोडून देतं. डिस्कही वाचते, डेटाही. हॉस्टेलवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना याची किंमत लगेच कळते.

एक जागा मात्र सांभाळा. 'यूव्ही व्हेन्व्ह'नं बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतं. सवयीनं 'पिप इन्स्टॉल' टाइप केलंत तर 'पाथ'मध्ये पुढं असलेलं भलतंच पिप चालतं आणि लायब्ररी दुसऱ्याच पायथनमध्ये जाते. तिथं 'यूव्ही पिप इन्स्टॉल'च वापरायचं.

पायथन २.७ वरचा एखादा प्रोग्रॅम सांभाळायची वेळ आलीच तर तो डॉकरमध्ये (प्रोग्रॅम बाकीच्या मशीनपासून वेगळा ठेवून चालवणाऱ्या साधनात) चालवा, 'पायथन:२.७' ही इमेज उपलब्ध आहे. ते व्हर्जन रोजच्या मशीनवर टाकू नका.

एडिटर, जुपिटर आणि रात्री आपोआप चालणारी कामं

टर्मिनलमध्ये सगळं बरोबर आणि व्हीएस कोडमध्ये मात्र चूक, असं होतं, कारण एडिटर स्वतःचं पायथन वेगळं निवडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' निवडा आणि प्रोजेक्टच्या '.व्हेन्व्ह'मधलं पायथन दाखवा. निवडलेलं व्हर्जन खालच्या पट्टीत उजव्या बाजूला दिसतं. जुपिटरसाठी (नोटबुकमध्ये तुकड्या-तुकड्यानं कोड चालवायचं साधन) त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'आयपायकर्नल' टाका आणि नोटबुकमध्ये तो कर्नल, म्हणजे कोड चालवणारं पायथन, निवडा.

दुकानांसाठी काम करणाऱ्यांना आणखी एक बाब सांभाळावी लागते. रात्री बॅकअप घेणं, सकाळी दिवसाच्या आवकेचा अहवाल काढणं अशी कामं विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर किंवा लिनक्सच्या क्रॉनवर लावलेली असतात. तिथं तुमचं एन्व्हायर्नमेंट चालू नसतं, तुमचा 'पाथ'ही नसतो. म्हणून नुसतं 'पायथन' न लिहिता त्या प्रोजेक्टच्या '.व्हेन्व्ह'मधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहायचा. विंडोजवर ते 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये असतं, लिनक्सवर 'बिन'मध्ये. पूर्ण पत्ता दिला की एन्व्हायर्नमेंट वेगळं चालू करावं लागत नाही.

जुनं काम नव्या व्हर्जनवर नेताना

अनेक व्हर्जन्स ठेवण्याचा खरा फायदा इथं मिळतो. जुनं चालू राहू द्यायचं, शेजारी नवं उभं करायचं आणि दोन्हींचं उत्तर ताडून बघायचं. त्याच प्रोजेक्टमध्ये '.व्हेन्व्ह' जुन्याचं राहू द्या, '.व्हेन्व्ह-३१२' नावानं दुसरं करा. आधी जुन्या व्हर्जनवरच प्रोग्रॅम असा चालवा:

पायथन -डब्ल्यू डिफॉल्ट मेन.पीवाय

इथं डब्ल्यू मोठ्या लिपीतला. पुढं काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टींच्या वॉर्निंग एरवी बऱ्याचशा लपलेल्या असतात, त्या आता दिसतील. त्या दुरुस्त केल्या की उडी सोपी होते.

प्रोग्रॅम एरर न देता चालला म्हणजे उत्तर बरोबर आलं, असं हिशोबाच्या कामात धरून चालत नाही. विशेषतः पायथन २ वरून ३ वर येताना. पायथन २ मध्ये २५ भागिले २ केलं तर १२ येतं, ३ मध्ये १२.५. दोघा हमालांत २५ रुपये वाटायचे असतील तर एका व्हर्जनमध्ये रुपया गायब होतो आणि एररही येत नाही.

'राउंड'चं त्याहून बारीक आहे. समजा एका पट्टीवर हमालीची रक्कम ३१२.५० झाली. पायथन २ मध्ये राउंड केल्यावर ३१३ येतात. पायथन ३ मध्ये ३१२, कारण बरोबर अर्धा असेल तर ते जवळच्या सम आकड्याकडं जातं. पण ३१३.५० असेल तर दोन्हींत ३१४ येतात. म्हणजे फरक काही पट्ट्यांवर पडतो, काहींवर नाही, आणि चार-दोन पट्ट्या तपासल्या तर सगळं जुळलेलं दिसतं. शेतकऱ्याच्या पट्टीवरचा रुपयासुद्धा त्याचाच आहे. तिथं 'राउंड'वर विसंबू नका. 'डेसिमल' मॉड्यूल वापरा आणि 'राउंड हाफ अप' हा नियम स्पष्ट लिहा, मग व्हर्जन कुठलंही असो, उत्तर एकच येतं.

म्हणून मागच्या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या दोन्ही व्हर्जन्समधून काढा, दोन फाइलमध्ये साठवा आणि ओळीला ओळ लावून फरक बघा. एकाही ओळीत फरक असेल तर कारण सापडेपर्यंत दुकानातलं जुनं व्हर्जन हलवायचं नाही.

मराठी नावांच्या फाइलींकडंही लक्ष द्या. विंडोजवर पायथन ३ मध्ये 'ओपन' करताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतं आणि शेतकऱ्यांची नावं बिघडतात किंवा एरर येते. यूटीएफ-८ हेच आपोआप धरण्याचा बदल ३.१५ साठी ठरलेला आहे. म्हणजे एन्कोडिंग न लिहिलेला प्रोग्रॅम पुढं व्हर्जनप्रमाणं वेगळा वागेल. प्रत्येक ठिकाणी 'एन्कोडिंग = यूटीएफ-८' असं आत्ताच लिहून टाका.

जुनी व्हर्जन्स काढताना

कुठलंही व्हर्जन काढायच्या आधी सगळ्या प्रोजेक्टमधली 'पायव्हेन्व्ह.सीएफजी' फाइल शोधा आणि 'होम'ची ओळ बघा. एखादा प्रोजेक्ट अजून त्या व्हर्जनवर असेल, तर आधी त्याची रिक्वायरमेंट्सची यादी काढून घ्या. शेड्यूलरमधल्या कामांचे पत्तेही तपासा. मग 'यूव्ही पायथन अनइन्स्टॉल ३.९' किंवा 'पायएन्व्ह अनइन्स्टॉल' आणि पुढं पूर्ण आकडा. विंडोजवर इन्स्टॉलरनं टाकलेलं असेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढायचं, फोल्डर थेट डिलीट करायचं नाही. तसं केलं तर रजिस्ट्रीतल्या नोंदी तशाच राहतात आणि 'पाय --लिस्ट' नसलेलं व्हर्जनही दाखवत राहतं. झालेलं असेल तर त्याच व्हर्जनचा इन्स्टॉलर पुन्हा चालवा, 'रिपेअर' निवडा आणि त्यानंतर रीतसर अनइन्स्टॉल करा.